शाळा सुटल्यानंतरचे तास

शाळा दुपारी सुटते, कचेरी संध्याकाळी सुटते. या दोहोंमधल्या चार तासांचे काय करायचे, हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीही आई बँकेत, शाळेत, दुकानात किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात जाते. वडील सकाळीच बाहेर पडलेले असतात. आजी-आजोबा गावाकडे असतात, किंवा घरात असले तरी त्यांचीच काळजी घ्यावी अशी त्यांची प्रकृती असते. मग नऊ-दहा वर्षांचे मूल दप्तराच्या आतल्या कप्प्यातून किल्ली काढते, कुलूप उघडते, झाकून ठेवलेली पोळी-भाजी खाते आणि आईची वाट पाहत बसते. दवाखान्यात आई विचारते, "डॉक्टर, मूल एकटं राहतं, त्याच्या मनावर काही परिणाम तर होणार नाही ना?" आणि पुष्कळदा त्यामागोमाग, थोड्या खालच्या आवाजात, दुसरा प्रश्न येतो, "नोकरी सोडू का?" (हा दुसरा प्रश्न वडील विचारत नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवायला हवे.)

आधी थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवले पाहिजे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. वर्षाचे एकूण तास ८७६०. रोजची दहा तासांची झोप वजा केली तरी मूल वर्षातून पाच हजारांहून अधिक तास जागे असते. म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलाचा शाळेतला वेळ या जागेपणाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. आपण शाळा निवडताना चार ठिकाणी चौकशी करतो, देणगी भरतो, रांगा लावतो. उरलेले पाच हिस्से मात्र जसे जातील तसे जाऊ देतो.

परदेशात या तासांकडे संशोधकांचे लक्ष फार पूर्वी गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुरुष आघाडीवर आणि स्त्रिया कारखान्यात गेल्या, तेव्हा गळ्यात दोरीला घराची किल्ली अडकवलेली मुले अमेरिकेत सर्रास दिसू लागली, आणि अशा मुलांसाठी इंग्रजीत खास शब्द रुळला. जर्मन भाषेत त्यांना श्ल्युसेलकिंड म्हणतात, जपानी भाषेत कागिक्को. दोन्हींचा अर्थ एकच, किल्लीवाले मूल. मराठीत असा शब्द अजून झालेला नाही. मुले मात्र आहेत.

एकटे, पण कुठे?

१९८९ साली 'पीडियाट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात जीन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो भागातील आठवीच्या जवळजवळ पाच हजार मुलामुलींना विचारले होते, की आठवड्यातून किती तास तुमच्याजवळ कोणी मोठे माणूस नसते? जी मुले आठवड्याला ११ तास किंवा त्याहून अधिक वेळ अशी स्वतःच्या भरवशावर होती, त्यांच्यात सिगारेट, दारू आणि गांजा यांच्या वापराचा धोका इतरांच्या दुप्पट आढळला. घर सुखवस्तू असो वा गरीब, चित्र फारसे बदलले नाही.

हे वाचून पोटात गोळा येतो. पण दुप्पट या शब्दाने घाबरून जाण्याआधी एक लक्षात घ्यावे. ज्या घरात थर्मामीटर वारंवार वापरला जातो त्या घरात तापाचे रुग्ण जास्त असतात. म्हणून काही थर्मामीटरने ताप येत नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. शिवाय 'एकटे' या एका शब्दात अनेक प्रकार येतात. घरी गृहपाठ करत बसलेला मुलगा एकटा, आणि एस.टी. स्टँडवर टोळक्यात उभा असलेला मुलगाही, पालकांच्या दृष्टीने, एकटाच.

नेमका हाच फरक लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने त्याआधी तीन वर्षे, १९८६ साली, तपासून पाहिला होता. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातील पाचवी ते नववीच्या ८६५ मुलांना त्याने काल्पनिक प्रसंग दिले. मित्र तुला काहीतरी चुकीचे करायला आग्रह करताहेत, तू काय करशील? मग या उत्तरांचा आणि शाळा सुटल्यावर मूल कुठे असते याचा मेळ घातला. निष्कर्ष असा निघाला, की सरळ घरी येऊन एकटी राहणारी मुले आणि मोठ्या माणसांच्या देखत राहणारी मुले यांच्यात फारसा फरक नव्हता. मोठे कोणी नसलेल्या मित्राच्या घरी जमणारी मुले आग्रहाला अधिक बळी पडत होती, आणि सर्वांत जास्त बळी पडत होती ती ठावठिकाणा नसलेली, नुसती भटकणारी मुले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. आपले मूल या घटकेला कुठे आहे हे ज्या पालकांना ठाऊक होते, त्यांची मुले मोठ्यांच्या नजरेआड असूनही बऱ्यापैकी सुरक्षित होती.

कचेरीत बसलेल्या आईच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. नजर ठेवायला डोळ्यांसमोर असणेच लागते असे नाही. घरी पोचल्यावर एक फोन, पाच वाजता खेळायला जाताना शेजारच्या काकूंना सांगून जाणे, सात वाजता परत येणे, एवढी साधी घडी बसली तर मुलाच्या डोक्यात आईवडील हजर असतात.

पालकांना कळते तरी कसे?

पण "मूल कुठे आहे हे ठाऊक असणे" म्हणजे काय, याची पुढे चौकशी झाली आणि तिचा निकाल पुष्कळांना अनपेक्षित वाटला. स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी मध्य स्वीडनमधील चौदा वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. पालकांना मुलांविषयीची माहिती तीन वाटांनी मिळू शकते: पालक खोदून विचारतात, पालक नियम घालून बंधन ठेवतात, किंवा मूल आपण होऊन सांगते. आजवर समज असा होता, की पहिल्या दोन वाटा मुख्य. तपासात मात्र तिसरीच वाट मोठी निघाली. मुलांच्या दिवसाविषयी ज्या पालकांना जास्त ठाऊक होते त्यांना ते प्रामुख्याने मुलांनी स्वतःहून सांगितल्यामुळे ठाऊक होते. आणि ज्या मुलांना आपल्यावर पाळत ठेवली जाते असे वाटत होते, त्यांची स्थिती इतरांपेक्षा चांगली नव्हती, उलट वाईटच होती.

आता आपल्याकडचे दृश्य पाहा. आई सहा वाजता दमून घरात येते आणि चपला काढता काढता प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दूध प्यायलास का? गृहपाठ झाला का? टीव्ही किती वेळ पाहिलास? मोबाइल कोणी घेतला होता? मूल "हो", "नाही", "माहीत नाही" एवढ्यात संपवते. त्यात त्याची चूक नाही. उलटतपासणीत कोणीही असेच बोलेल. त्यापेक्षा चहा टाकावा, दहा मिनिटे मुलाजवळ बसावे, आपल्या दिवसातली एखादी गंमत किंवा अडचण सांगावी. मुले ऐकणाऱ्याला सांगतात. आणि एखाद्या दिवशी मुलाने "आज मी आणि बंड्या कालव्यावर गेलो होतो" असे सांगितले, तर लगेच रट्टा देऊ नये. कालव्याचा धोका समजावून सांगावा, पुन्हा जायचे नाही हेही स्पष्ट सांगावे, पण सांगितल्याबद्दल शिक्षा करू नये. नाहीतर पुढच्या वेळी मूल कालव्यावर जाईलच, फक्त आपल्याला कळणार नाही.

हल्ली मुलाच्या हातात मोबाइल देऊन नकाशावर त्याचा ठिपका पाहत बसण्याची सोय झाली आहे. ठिपका कुठे आहे ते कळते. मुलाबरोबर कोण आहे आणि त्याच्या मनात काय आहे ते ठिपका सांगत नाही.

जिथे ठेवायचे ते ठिकाण

मूल एकटे नको म्हणून पाळणाघरात किंवा एखाद्या केंद्रात ठेवले की प्रश्न सुटतो का? याचे उत्तर ठिकाणावर अवलंबून आहे, आणि ते कसे यावर संशोधनाने चांगला प्रकाश टाकला आहे.

डेबोरा व्हँडेल या विदुषीने १९८८ साली आपल्या सहकारी संशोधिकेसह अमेरिकेतील मध्यमवर्गीय उपनगरातील तिसरीच्या १५० मुलांचा अभ्यास केला. किल्लीवाली मुले आणि आईजवळ राहणारी मुले यांच्यात फरक दिसला नाही. उलट शाळेनंतर डे-केअर केंद्रात जाणाऱ्या मुलांचे गुण कमी होते आणि वर्गमित्रांमध्ये ती कमी प्रिय होती. सहा वर्षांनी, १९९४ साली, याच व्हँडेल यांनी जिल पॉसनर यांच्याबरोबर मिलवॉकी शहरातील गरीब वस्त्यांमधल्या २१६ मुलांना पाहिले, तेव्हा चित्र उलटे निघाले. शाळेनंतरच्या नियमित उपक्रमाला जाणारी मुले अभ्यासात आणि वागणुकीत पुढे होती. या मुलांचा वेळ टीव्हीसमोर कमी आणि अभ्यासात, कला-खेळांत, मोठ्यांच्या सहवासात जास्त जात होता. ज्या मुलाला घरी अंगण, पुस्तके आणि शांत शेजार आहे त्याला केंद्राने फारसे काही दिले नाही. ज्याला यातले काहीच नाही त्याला पुष्कळ दिले.

सरकारनेही मोठा प्रयोग केला. अमेरिकेत शाळांच्या इमारतीत संध्याकाळची केंद्रे चालवण्याच्या योजनेवर या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर खर्च होऊ लागले. तिची पाहणी झाली आणि पहिला अहवाल २००३ मध्ये आला. प्राथमिक शाळेच्या मुलांना शाळेनंतर अधिक सुरक्षित वाटू लागले हे खरे, पण वाचनाच्या परीक्षेत सुधारणा दिसली नाही. लगेच अध्यक्ष बुश यांच्या सरकारने खर्च एक अब्जावरून ६० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. संसदेने तो मानला नाही. आमच्या मते संसदेचे बरोबर होते. मुलाला सुरक्षित वाटणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. ती गुणपत्रिकेत दिसत नाही एवढेच.

सर्वांत डोळे उघडणारी हकीकत पुन्हा स्वीडनची आहे. तिथे तेरा वर्षांवरील मुलांसाठी सरकारी मदतीने संध्याकाळची युवक केंद्रे चालत. बिलियर्ड, टेबल टेनिस, संगीत, टीव्ही, कॉफी अशी सगळी सोय असे. मोठी माणसेही हजर असत, पण त्यांनी मुलांच्या मध्ये पडायचे नाही अशी पद्धत होती. जोसेफ महोनी, स्टॅटिन आणि डेव्हिड मॅग्नुसन यांनी अशा केंद्रांत जाणाऱ्या मुलग्यांचा पुढे अनेक वर्षे, तिशीपर्यंत, माग काढला आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. तेराव्या वर्षी या केंद्रांत जाऊ लागलेल्या मुलग्यांची नावे पुढे पोलिसांच्या दप्तरी अधिक प्रमाणात आढळली. मुळात वाया गेलेली मुलेच तिथे जात असतील, अशी शंका येते. संशोधकांनी आधीची वर्तणूक हिशेबात धरूनही फरक उरला. त्याच देशात जिथे शिकवणारा माणूस होता, वेळापत्रक होते, सरावाने काहीतरी येऊ लागत होते, अशा उपक्रमांतील मुलांच्या बाबतीत मात्र चित्र चांगले होते.

म्हणजे चांगले छप्पर, कॅरम बोर्ड आणि कोपऱ्यात पेपर वाचणारे एक गृहस्थ एवढ्याने भागत नाही. जोसेफ डुर्लाक आणि रॉजर वाइसबर्ग यांनी २०१० मध्ये सुमारे सत्तर उपक्रमांवरील अभ्यास एकत्र करून तपासले. ज्या ठिकाणी गोष्टी पायरीपायरीने शिकवल्या जात, मुले स्वतः हाताने करत, त्यासाठी ठरावीक वेळ राखलेला असे आणि काय शिकवायचे आहे हे शिकवणाऱ्याला स्वच्छ माहीत असे, त्याच ठिकाणी मुलांना लाभ झाला. बाकीच्या केंद्रांत जवळजवळ काही नाही.

शरीराच्या बाबतीतही असेच. अमेरिकेतील जॉर्जिया मेडिकल कॉलेजने 'फिटकिड' नावाचा तीन वर्षांचा प्रयोग प्राथमिक शाळांत केला. शाळा सुटल्यावर दोन तास. त्यातली ४० मिनिटे खाऊ आणि अभ्यास, ८० मिनिटे पळापळीचे खेळ. शाळा चालू असेपर्यंत मुलांचा दमसास वाढला, चरबी कमी झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत हा फायदा पुसला गेला. पुन्हा शाळा, पुन्हा फायदा. पुन्हा सुट्टी, पुन्हा मूळपदावर. आपल्याकडे शाळा सुटली की मूल शिकवणीला जाते, तिथून दुसऱ्या शिकवणीला. शाळेतही बसून, तिथेही बसून. क्लास लावणे वाईट आहे असे नव्हे, पण दिवसाकाठी तासभर तरी घाम येईल असा खेळ मिळत नसेल, तर दोन क्लासपैकी एक सोडावा. हा सल्ला देताना पालकांचे चेहरे कसे होतात ते आम्हाला माहीत आहे.

सहा वर्षांनंतर कोणी नाही

आपल्याकडे या वयोगटाचा विचार कायद्याने फारसा केलेलाच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातील पाळणाघराची तरतूद सहा वर्षांखालील मुलांसाठी होती. सध्याची सरकारी पाळणा योजना सहा महिने ते सहा वर्षे वयासाठी आहे. सातव्या वर्षी मूल शाळेत गेले, म्हणजे प्रश्न मिटला असे धरून चालतात.

शिवाय परदेशी अभ्यासांतले मूल बहुधा खरोखर एकटे असते. आपल्याकडे किल्ली दहा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात आणि तीन वर्षांचा भाऊ तिच्या कडेवर असतो. बांधकामावर, वीटभट्टीवर, शेतमजुरांच्या वस्तीत हे रोज दिसते. ती एकटी नाही, पण तिला सांभाळणारेही कोणी नाही. भावाला ताप आला, तो पडला, भाजला, तर दोष तिच्या माथी. तिची शाळा बुडते ती अशी.

हे दुखणे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार आधी ओळखले होते. कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून विकासवाडी उभी केली. धाकट्याला पाळणाघरात ठेवले की थोरली वर्गात बसू शकते, हा त्यातला साधा हिशेब. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली, आणि तिला नाव मिळाले कुरणशाळा. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेली मोबाइल क्रेशेस ही संस्था याच वाटेने गेली. आपल्या गावात शाळेच्या रिकाम्या खोल्या संध्याकाळी कुलूपबंद असतात, निवृत्त शिक्षक कट्ट्यावर बसलेले असतात आणि मुले रस्त्यावर असतात. ग्रामपंचायत, शाळा समिती किंवा महिला मंडळ यांपैकी कोणीही पुढाकार घेऊन या तिघांची गाठ घालून देऊ शकते. मात्र स्वीडनचा धडा विसरू नये. केवळ खोली उघडून देऊन उपयोग नाही. लेझीम असो, कबड्डी असो की गोष्टींची पुस्तके, शिकवणारे माणूस हवे.

मूल घरी एकटे राहणारच असेल तर काही गोष्टी आजच पाहाव्यात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ एकटे राहण्यासाठी साधारण अकरा-बारा वर्षांचे वय सुचवतात. त्याखालील मुलाला थोड्याच वेळासाठी, आणि शेजारी कोणी लक्ष ठेवणारे असेल तरच ठेवावे. घरात लोहाच्या गोळ्या असतील तर त्या कुलपात हव्यात. लाल, गोड वेष्टनाच्या या गोळ्या लहान भावंडे चॉकलेट समजून खातात आणि ते जिवावर बेतू शकते. रॉकेल, फिनेल, ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. शेतीची औषधे आणि उंदराचे विष राहत्या घरात नकोच. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जावे. मुलाला शिजवावे लागणार नाही असे खाणे हाताशी असावे: शेंगदाणे-गूळ, केळी, चिवडा, पोळीचा लाडू. मुलाला दमा किंवा फिट्स असतील तर त्याला एकटे ठेवू नये.

रोज दुपारीच पोटात दुखणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, घरी जायला नको म्हणणे, एखाद्या ठरावीक काका-दादाचे नाव काढताच गप्प होणे, अशी लक्षणे दिसली तर जंताचे औषध देऊन थांबू नये. मुलांशी गैरवर्तन करणारी माणसे बहुतेक वेळा घरच्या ओळखीतलीच असतात. मुलाला शांतपणे बोलते करावे, त्याचे म्हणणे खरे मानावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

अडचणीत सापडलेल्या मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतील एका प्रकल्पातून सुरू झाला. आता तो देशभर चालतो, पैसे पडत नाहीत आणि मूल स्वतः तो फिरवू शकते. तो मुलाकडून पाठ करून घ्यावा. त्याबरोबर आई, वडील आणि शेजारी यांचे क्रमांकही पाठ करून घ्यावेत, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत. मोबाइलमध्ये साठवलेले क्रमांक मोबाइलची बॅटरी उतरली की कोणालाच आठवत नाहीत.